डोंगळ्यात मधपेट्या ठेवायच्या आहेत: एकरी किती, कधी आणायच्या आणि फवारणीचं काय करायचं?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. देऊळगाव राजा भागात दोन एकर डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा, आहे. वाण भीमा शक्ती, लागवड 5 नोव्हेंबरची, अंतर 60 × 30 सेंमी, पाणी ठिबकवर. जानेवारीत फुलांचे दांडे निघतील.

गेल्या हंगामात ह्याच रानात एकरी 1 क्विंटल 20 किलो बी निघालं. गोंडे (दांड्याच्या टोकाचे फुलांचे गोल झुबके) भरपूर होते, दांडेही जाड होते, पण मळताना बराच भुसा निघाला. फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल दोनदा आणि करप्यासाठी मँकोझेब दिलं होतं. शिवारात मधमाश्या अगदी तुरळक होत्या.

यंदा पेट्या भाड्याने आणायचा विचार आहे. एकरी किती लागतील? कुठल्या दिवशी आणायच्या? पेटी चांगली की रिकामीच आणून ठेवली हे कसं ओळखायचं? फुलकिडे आले तर फवारायचं काय? शेजारी करडई आहे आणि दोनशे मीटरवर धने आहेत, त्याचा त्रास होईल का?

बीजप्लॉट
पेट्यांआधी गोंड्याचा हिशोब बघा, म्हणजे नुकसान कुठे होतंय ते कळेल. 60 × 30 च्या लागवडीत एकरी साधारण 22 हजार झाडं बसतात. झाडाला चार-पाच गोंडे धरले तर एकरी लाखभर गोंडे. एका गोंड्यात दोनशेपासून सहाशेपर्यंत, कधी त्याहूनही जास्त फुलं असतात. प्रत्येक फुलात तीन कप्पे, कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे जास्तीत जास्त सहा बिया. हजार बियांचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. गोंड्यामागे तीन ग्रॅम बी भरलं तर एकरी तीन क्विंटल होतं, आणि ते चांगलं उत्पादन आहे. तुमचं 120 किलो म्हणजे गोंड्यामागे 1.2 ग्रॅम, जेमतेम साडेतीनशे बिया. चारशे फुलांचा गोंडा धरला तर फुलामागे एक बीसुद्धा नाही.

कारण फुलाच्या रचनेत आहे. कांद्याचं फूल उमलतं तेव्हा त्याचे सहा पुंकेसर आधी पिकतात: आतले तीन पहिले, मग बाहेरचे तीन. तोवर मधली स्त्रीकेसराची काडी जेमतेम एक मिलिमीटर असते, परागकण घेण्याच्या अवस्थेत नसतेच. पराग झडून गेल्यावर ती वाढून पाच मिलिमीटरच्या आसपास जाते आणि मग टोक चिकट होतं. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग वेळेवर मिळतच नाही. तो दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणावा लागतो, आणि कांद्याचा पराग वाऱ्याने नीट जात नाही. हे काम माशीचंच.

तरीही सगळा दोष माशीच्या माथी मारण्याआधी एक चाचणी करा. फुलं उमलायच्या आधी तीस सारखे गोंडे निवडून रंगीत दोरे बांधा. दहा गोंड्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी घाला. दहा मोकळे सोडा. उरलेल्या दहांवर रोज सकाळी दहा ते बारा ह्या वेळेत दुसऱ्या झाडाचा ताजा पराग मऊ ब्रशने लावा. गोंडा पूर्ण फुलायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस नेमाने करायचं. शेवटी तिन्ही गट वेगवेगळे मळून बी तोला. हाताने पराग लावलेले गोंडे भरले आणि मोकळे रिकामे राहिले, तर माश्या कमी पडल्या. दोन्ही रिकामे राहिले तर दुखणं दुसरं आहे: जांभळा करपा, फुलकिडे, फुलोऱ्यात पाण्याचा ताण किंवा उशिरा लागवडीमुळे फुलोऱ्यात सापडलेलं कडक ऊन. मग कितीही पेट्या आणल्या तरी बी वाढणार नाही.

पाणी तोडू नका. ताण बसला की फुलातला मकरंद आटतो आणि माशी पाठ फिरवते. तुमचं ठिबक आहे ते उत्तम. फुलोऱ्यात दिवसा तुषार चालवला तर पराग भिजून वाया जातो.

मधकोठी
आता पेट्यांचं. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात ती परदेशी मधमाशी) भरलेल्या पेट्या असतील तर एकरी दोन ते तीन. दोन एकरांसाठी पाच सांगा, म्हणजे एखादी कमजोर निघाली तरी अडत नाही. सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) वसाहती लहान असतात, त्या एकरी चार-पाच लागतात.

पण पेट्यांचा आकडा फसवा असतो. भाडं पेटीवर ठरवू नका, माश्यांनी भरलेल्या फ्रेमांवर (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींवर) ठरवा. दहा फ्रेमच्या पेटीत किमान आठ फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात आणि चार-पाच फ्रेमांत पिल्लं हवीत. त्यातही उघडी अळी दिसली पाहिजे, कारण अळीला खाऊ घालायलाच कामकरी माश्या परागासाठी बाहेर पडतात. तीन-चार फ्रेमांची वसाहत स्वतःची पिल्लं ऊबवण्यातच गुंतलेली असते. पिल्लांना 34-35 अंश तापमान लागतं, त्यामुळे थंडीत अशा पेटीतून फार थोड्या माश्या बाहेर निघतात. अशा पाच पेट्या मिळून एका चांगल्या पेटीचंही काम करत नाहीत.

पेटी उतरवली की दुसऱ्या दिवशी सकाळी मधपाळाला तुमच्यासमोर झाकण काढायला सांगा. एक-एक फ्रेम उचलून बघा. राणी दिसलीच पाहिजे असं नाही, पण कप्प्याच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं एकेक उभं अंडं दिसलं म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथून फिरलेली आहे. एका कप्प्यात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी मेलेली असून कामकरी माश्याच अंडी घालताहेत असं समजा. ती पेटी परत करा. फ्रेमच्या मेणावर जाळी आणि काळी विष्ठा दिसली तर मेणकिडा आहे, तीही नको.

कधी आणायच्या: शेतातले शेकडा दहा गोंडे फुलायला लागले त्या रात्री. ह्यात लोक फार चुकतात. दांडे निघाले म्हणून पंधरा दिवस आधी पेट्या आणल्या तर माश्या पहिल्या दोन दिवसांतच करडई आणि धने शोधतात, तिथली वाट पक्की करतात आणि कांदा फुलल्यावरही तिकडेच जात राहतात. कांद्याचा मकरंद घट्ट असतो, त्यात पोटॅशियमही जास्त असतं, म्हणून दुसरं काही मिळत असेल तर माशीला कांदा फारसा आवडत नाही. अनोळखी जागी रात्री उतरलेली पेटी सकाळी उघडली आणि समोर फुललेला कांदा असला, तर निदान सुरुवात तरी तिथूनच होते. धने दोनशे मीटरवर म्हणजे माशीला काहीच लांब नाही, मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते. धन्यांवर तुमचा ताबा नाही. तेव्हा दहा टक्क्यांना तीन पेट्या आणि आठ-दहा दिवसांनी उरलेल्या दोन असं करा. नव्या पेट्यांच्या माश्या नव्याने शोध घेतात, त्याचा फायदा होतो.

आणायचं रात्रीच. अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की दार जाळीने बंद करायचं, कोठ्या पट्ट्याने आवळायच्या आणि गाडीत फ्रेमा प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील अशा ठेवायच्या. आडव्या ठेवल्या तर गाडीच्या धक्क्याने फ्रेमा एकमेकींवर आपटतात आणि राणी चिरडते. वर हवेसाठी जाळी हवी, कोंदटलेल्या पेटीत माश्या स्वतःच्याच उष्णतेने मरतात. शेतात पोचल्यावर पेट्या जागेवर ठेवा, अर्धा तास शांत होऊ द्या आणि उजाडायच्या आत दार उघडा.

जागा: दोन-तीन पेट्यांचा एक गट, असे दोन गट प्लॉटच्या दोन बाजूंना. दार पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन लवकर लागून माश्या लवकर निघतात. दुपारी सावली हवी, झाड नसेल तर वर पाचटाचं किंवा पोत्याचं छप्पर करा. जमिनीपासून दीड फूट उंच स्टँड, आणि स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. वाट्या आटल्या की एका रात्रीत मुंग्या चढतात. पेट्यांपासून वीस-पंचवीस फुटांवर पसरट भांड्यात स्वच्छ पाणी आणि त्यात खडे किंवा काड्या टाका, म्हणजे माश्या बुडत नाहीत. हे पाणी नसलं तर त्या फवारणीच्या ड्रमवर जातात.

आणि एकदा ठेवलेली पेटी सोयीसाठी बांधाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हलवू नका. बाहेर गेलेली माशी जुन्याच जागी परत येते. हलवायची तर दोन-तीन फुटांनी किंवा मग तीन किलोमीटरपेक्षा लांब.

पेट्या आत्ताच बोलून ठेवा. मेलिफेरावाले बरेच जण ह्या दिवसांत मोहरीसाठी राजस्थानात असतात, ऐन जानेवारीअखेर फोन केला तर उरलेल्या कमजोर पेट्या गळ्यात पडतात.

कीटकनोंद
फवारणीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण पेट्यांचे पैसे इथेच वाया जातात.

फुलोऱ्यात फिप्रोनिल हे तुमच्या गेल्या वर्षीच्या रिकाम्या गोंड्यांचं मोठं कारण असू शकतं. ते मधमाशीला अतिशय विषारी आहे आणि त्याचा अंश बरेच दिवस टिकतो. संध्याकाळी मारलं तरी सकाळी येणारी माशी वाचत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडातून मकरंदात आणि परागात उतरतात, म्हणून फुलं उमलायच्या तोंडावरही नकोत. युरोपीय संघाने ह्या दोघांसह क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला तो मधमाश्यांपायीच. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस हीदेखील फुलोऱ्यात नकोत.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग माणसाला आणि जनावराला विष किती ह्यावर ठरतो, मधमाशीशी त्याचा संबंध नाही. हिरवा किंवा निळा त्रिकोण बघून माशीला चालेल असं समजू नका. डब्यासोबतच्या घडीपत्रिकेतली मधमाशीबद्दलची ओळ शोधून वाचा.

मग करायचं काय? फुलकिड्यांचा बंदोबस्त दांडे निघण्याच्या अवस्थेत संपवा. शेवटची कडक फवारणी आणि पहिलं फूल ह्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, आंतरप्रवाही औषधं त्याच्याही आधी बंद करा. फुलोऱ्यात फुलकिडे थोडे वाढले तर सहन करा, तिथे एक फवारणी वाचवणं बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. फारच वाढले तर निंबोळी अर्क किंवा अझाडिरॅक्टिन, तेही सूर्य मावळल्यावर. स्पिनोसॅड ओलं असताना माशीला घातक आणि वाळल्यावर बरंच सौम्य असतं, म्हणून अगदीच गरज पडली तर रात्री मारायचं, म्हणजे सकाळपर्यंत वाळतं. भुकटी कुठलीच नको. ती माशीच्या केसांना परागासारखी चिकटते आणि थेट पिल्लांपर्यंत पोचते.

मँकोझेबने माश्या लगेच मरत नाहीत, पण दिवसा मारलेला कुठलाही फवारा पराग भिजवतो आणि स्त्रीकेसराचं टोक झाकतो. करप्यासाठी द्यायचंच तर संध्याकाळीच.

शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. तो फवारणार असेल तर आदल्या रात्री पेट्यांचं दार जाळीने बंद करून वर ओलं पोतं टाका आणि दुसऱ्या दिवशी फवारा वाळला की उघडा. दुपारभर उन्हात बंद ठेवली तर विषाऐवजी उकाड्याने वसाहत जाते. दिवसभर फवारणी चालणार असेल तर पेट्या उचलून लांब नेणंच बरं.

दारासमोर मेलेल्या माश्यांचा ढीग, जीभ बाहेर आलेली, काही थरथरत गोल फिरताहेत, असं दिसलं की विषबाधा समजा. परागाने भरलेल्या फ्रेमा बाहेर काढा, साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन संध्याकाळी पेटीच्या आत द्या आणि वसाहत हलवा.

काळीमाती
आमच्याकडे सगळे गूळपाणी फवारतात, दहा लिटरला पाव किलो गूळ. माश्या येतात. शिवाय मजूर लावून गोंड्यांवरून हात फिरवून घेतात. पेट्यांचं भाडं देण्यापेक्षा हे स्वस्त नाही का?

मधकोठी
काळीमाती भाऊ, गूळपाण्याने माश्या येतात हे खरं, पण त्या कशावर बसतात ते पाच मिनिटं जवळ उभं राहून बघा. पातीवर, दांड्यावर, गोंड्याच्या बाहेरच्या पाकळ्यांवर. गोड तिथेच मिळाल्यावर ती फुलात तोंड कशाला घालेल? कांद्याचा मकरंद आतल्या पुंकेसरांच्या बुडाशी असतो. तिथे पोचायला माशीला गोंड्यावरून चालत फुलाफुलात डोकं खुपसावं लागतं, आणि त्या चालण्यातच पोटाला पराग लागतो. गूळ हे चालणंच बंद करतो. वर मुंगळे येतात आणि काळी बुरशी धरते. मी तरी गूळपाणी सुचवणार नाही.

बीजप्लॉट
हात फिरवण्याला मात्र मी पूर्ण नाही म्हणणार नाही. ढगाळ, गार दिवसांत माश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा तो आधार आहे. पद्धत बरोबर हवी: सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, दहा ते एकच्या दरम्यान, तळहातावर मलमलचं कापड गुंडाळून एका गोंड्यावरून दुसऱ्यावर अलगद. रखरखीत हाताने चोळलं तर स्त्रीकेसराच्या काड्या मोडतात. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. लाखभर गोंड्यांना एवढी मजुरी परवडते का ते तुम्हीच मोजा.

अजून एक. माशी जसा तुमचा पराग फिरवते तसा दुसऱ्याचाही आणते. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून 500 मीटर आणि पायाभूत बियाण्याला 1000 मीटर अंतर लागतं. शेजारी कुणी पांढऱ्या कांद्याचे दोन वाफे बियाण्यासाठी ठेवलेत का, तेही बघून या. आणि पेट्या दुसऱ्या वाणाच्या डोंगळ्यातून थेट उचलून आणू नका.

बांधावरचा
सगळ्यांचे आभार. आकडे वाचून डोळे उघडले. आणखी तीन प्रश्न. सातेरी आणू की मेलिफेरा? करडई तर आहेच, पण बांधावर मोहरी आणि बडीशेप लावा असंही काही जण सांगतात, ते बरोबर का? आणि विहिरीजवळच्या वडावर आग्याची दोन मोठी पोळी आहेत. मजूर घाबरतात, टेंभा लावून जाळून टाकू म्हणतात.

मधकोठी
तुमच्या भागात मेलिफेरा. सातेरी ही सह्याद्रीच्या गारव्यातली. महाबळेश्वर, भुदरगड पट्ट्यात तिला तोड नाही, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं ते तिच्याच जिवावर. पण फेब्रुवारीअखेर तुमच्याकडचं ऊन वाढलं की डोंगरातून आणलेली सातेरी घर सोडून जाण्याचा धोका मोठा. पहाटे गारव्यात बाहेर पडण्यात ती मेलिफेराच्या पुढे असते, एवढं मात्र तिच्या बाजूने.

बांधावरची मोहरी-बडीशेप कांदा फुलण्याआधी फुलली तर शिवारातल्या रानमाश्या तुमच्याकडे खेचून आणते. पण कांदा दहा टक्के फुलला त्या दिवशी ती कापून टाकायची हिंमत हवी. तशीच ठेवली तर तीच कांद्याची स्पर्धक होते.

आग्याची पोळी जाळू नका. काहीही झालं तरी नको. कांद्यावर सगळ्यात जोरात काम करणाऱ्या माश्यांत आग्या आणि झुडपातली छोटी फुलोरी ह्या दोघी येतात. त्या वडावरच्या दोन पोळ्यांत हजारो कामकरी माश्या आहेत आणि त्यांचं भाडं शून्य आहे. रात्री टेंभा लावला की माश्या, अळ्या, राणी सगळं जळतं, आणि उरलेल्या भडकलेल्या माश्या सकाळी मजुरांवरच येतात.

आग्या उगाच हल्ला करत नाही. धूर, धक्का, दगड, घार-मधुबाज पोळ्याला धडकणं, ह्याने ती उठते. म्हणून वडाखाली पाचट पेटवू नका, ट्रॅक्टर आणि इंजिन तिथे उभं करू नका, मजुरांची जेवणाची जागा दुसरीकडे करा. अंगावर आल्याच तर हात न हलवता तोंड झाकून लांब आणि सरळ पळायचं. विहिरीत उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने खरवडून किंवा चिमटीने, जसा जमेल तसा पण लगेच काढायचा, उशीर झाला की विष जास्त जातं. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली किंवा बरेच डंख असले तर वाट न बघता दवाखाना.

मध काढायचाच असेल तर फुलोरा संपल्यावर, जाणकाराकडून. फांदीलगतचा मधाचा भरीव भाग तेवढाच कापून घेतात आणि खालचा पिल्लांचा भाग शाबूत ठेवतात.

कीटकनोंद
भाड्याचा व्यवहार लिहून घ्या, साधा कागद चालेल: पेट्या किती, प्रत्येकीत भरलेल्या फ्रेमा किती, आणायची आणि न्यायची तारीख, वाहतूक कुणाकडे, फवारणीची सूचना किती दिवस आधी, पाणी आणि मुंग्यांचं कोण बघणार. अर्धे पैसे तपासणीनंतर द्या.

पुढे स्वतःच्या पेट्या घ्यायच्या असतील तर आधी प्रशिक्षण घ्या. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करता येईल. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, त्यांच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी स्वगुंतवणूक असते. पण घेण्याआधी बारा महिन्यांचा फुलोरा मोजा. तूर, करडई, कडुनिंब, सूर्यफूल, तीळ, बोर जमेला धरा. जुलै-ऑगस्टच्या पावसात तुमच्याकडे माशीला खायला फार थोडं असतं, तेव्हा साखरपाक द्यावाच लागतो.

बीजप्लॉट
पेट्या आल्यावर रोज अकराच्या सुमारास प्लॉटच्या मधोमध एका सरीने चालत शंभर फुललेले गोंडे मोजा आणि किती माश्या बसल्यात ते वहीत लिहा. कडेला नको, मधोमधच, कडेला माश्या नेहमी जास्त दिसतात. स्वच्छ उन्हात शंभर गोंड्यांमागे चार-पाचही माश्या नसतील तर मधपाळाला बोलवा. आठवड्याभराने एखादा जुना गोंडा हातात घ्या. आधी उमललेल्या फुलांच्या जागी तीन कंगोऱ्यांची हिरवी, फुगीर बोंडी दाटलेली दिसली तर काम चालू आहे. बोंडी चपटी आणि पिवळी पडून बोटाने गळत असेल तर त्याच दिवशी इथे फोटो टाका, अजून उरलेली फुलं हातात असतात.

गोंड्यांवर शेकडा दहा-वीस ठिकाणी काळं बी उघडं दिसलं की काढणी सुरू, दोन-तीन तोड्यांत. पेट्या त्याच्या बऱ्याच आधी, शेवटची फुलं सुकली की लगेच हलवा, कारण मग कांद्यात काही उरत नाही आणि शिवारात उन्हाळी पिकांची फवारणी सुरू झालेली असते.